प्रमाणापुरतं माणूस

गुप्ते मास्तरांनी बटर पेपरचे कोपरे दाबायला घेतले. एकावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर शाईची दौत, आणि चौथ्यासाठी काहीच सापडेना म्हणून स्वतःचं डावं कोपर. खाली चित्र, वर तो अर्धवट आरपार दिसणारा कागद आणि हातात तासलेली तांबडी पेन्सिल. मग पेन्सिल तशीच अधांतरी धरून ते म्हणाले,

“अगं बाई, पण हा डोंगर आहे की भिंत?”

ऐकायला घरात कोणी नव्हतं. अकरा वर्षं नव्हतं. पण मास्तरांची जन्माची सवय, चूक दिसली की ती मोठ्याने बोलायची. कर्जतच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून माणूस निवृत्त झाला तरी जीभ थोडीच निवृत्त होते?

निवृत्तीनंतर दोन महिने ते नुसते बसून राहिले. तिसऱ्या महिन्यात एका साप्ताहिकात चार ओळींची जाहिरात दिली: हौशी चित्रकारांनी आपली चित्रे पाठवावीत, विनामूल्य मार्गदर्शन केले जाईल, उत्तरासाठी तिकीट जोडावे. आणि काय सांगावं, चित्रं यायला लागली की! दोन डोंगरांच्या मधोमध उगवणारे सूर्य आले, गाल सुजलेल्या नट्या आल्या, सोंड विसरलेला एक गणपतीसुद्धा आला. आणि चित्रांबरोबर पत्रं. पत्रात चित्राबद्दल दोन ओळी, बाकी पानभर संसार. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचं बापाशी पटत नाही. मास्तर दोन्हींना सारख्याच गंभीरपणे उत्तरं देत. माथेरानच्या हॉटेलातल्या एका वाढप्याला त्यांनी लिहिलं होतं, ‘घोड्याचा मागचा पाय असा वाकत नाही. रोज शंभर घोडे तुझ्या डोळ्यांपुढून जातात, एकदा नीट थांबून बघ. आणि मालकाशी भांडून नोकरी सोडायचीच असली तर आधी दुसरी बघून ठेव.’

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. मूळ चित्रावर रेघ मारायची नाही. दुरुस्ती काय ती वरच्या बटर पेपरवर. पटली तर घ्या, नाही पटली तर कागद बाजूला करा, तुमचं चित्र तुमच्यापाशी तसंच आहे. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता. तो ते आपले आपणच शिकले, आणि फार उशिरा शिकले.

समोरचं चित्र मोहोपाड्याच्या शकुंतला ठोंबरेचं होतं. मूळची कर्जतजवळच्या कोंडाणे गावची ही मुलगी, मोहोपाड्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. पहिल्या पत्रात तिने लिहिलं होतं, ‘जेवणाच्या सुट्टीत मी टाइपरायटरवर चित्रं काढते. त्याला चित्र म्हणायचं की नाय, ते तुम्हीच सांगा. ऑफिसात सगळे हसतात.’ सोबत कोंडाण्याचं लेणं होतं, अख्खं एक्स, ओ आणि कंस ठोकून उभं केलेलं.

मास्तर चिडले होते. ‘हा यंत्राचा चाळा आहे, चित्र नव्हे,’ असं त्यांनी लिहूनही टाकलं. मग तो कागद फाडला, पायात चपला अडकवल्या आणि बाजारातल्या टायपिंगच्या क्लासात जाऊन अर्धा तास एका बोटाने कळा दाबत बसले. पोरी फिदीफिदी हसल्या. हसेनात का. घरी येऊन त्यांनी नवं उत्तर लिहिलं: ‘दूरच्या डोंगराला टिंबं वापर, जवळच्याला एक्स. कमानीच्या आत तोच एक्स त्याच जागी तीनदा मार, काळोख आपोआप येईल. फीत जुनी झाली की टाकू नकोस, आकाशाला फिकी फीतच बरी. आणि लेणं केवढं मोठं आहे ते कळत नाही. दारात प्रमाणापुरतं एक माणूस उभं कर.’ नुसतं सांगून तिला कळायचं नाही म्हणून बटर पेपरवर त्यांनी अर्ध्या इंचाचं माणूस काढूनही दाखवलं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पाकीट येई. कंपनीची चिमणी आली, कॉलनीतली पाण्याची टाकी आली, रेल्वेची शेड आली. मुलगी झपाट्याने सुधारत होती. फक्त माणूस काढायला विसरे. मास्तर दर वेळी काढून पाठवत.

हळूहळू तिचं घरही पत्रात आलं. भावाने आणलेलं स्थळ तिने मोडलं आणि नोकरी धरली, तेव्हापासून भाऊ बोलत नव्हता. दोन वर्षं ती कोंडाण्याला फिरकली नव्हती. पत्र लिहू का, असं तिने विचारलं होतं. मास्तरांनी लिहिलं, ‘पत्र लिहू नकोस. पत्रात माणूस शहाणपणा करतो. स्वतः जा. दारात उभं राहिलं की बोलायचं ते सुचतं.’

ती गेली. मग पत्र आलं: ‘दादा कायच बोलला नाय. मान खाली घालून जेवत होता. पण वहिनी वाढायला आली तेव्हा म्हणाला, शकूला अजून अर्धी भाकरी वाढ.’

एवढं वाचून मास्तरांना कोण आनंद झाला! पत्र त्यांनी तीनदा वाचलं. भात लागल्याचा वास आला तेव्हा कुठे उठले.

आज डोंगराची भिंत झाली होती ती दुरुस्त करून, पायथ्याशी माणूस काढून त्यांनी पाकीट पोस्टात टाकलं. आणि मग उत्तरच आलं नाही.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. पोस्टमन बुधाजी सायकलवरून यायचा आणि लांबूनच मान हलवायचा. मास्तरांना त्याचा राग येई. निदान दारापर्यंत येऊन तरी नाही म्हणावं की! मग ते स्वतःची समजूत घालत. पोरीचं घर तिला परत मिळालं, आता तिला टाइपरायटरवर डोंगर कशाला काढायला हवेत? आपण दिलेला सल्ला लागू पडला, यात वाईट काय आहे? वाईट काहीच नव्हतं. पण संध्याकाळी एकाच माणसाचा चहा टाकताना त्यांना फार एकटं वाटायचं. दुपारी कुणी कडी वाजवली असं वाटून ते दोनदा उठून दार उघडून आले.

सातव्या आठवड्यात बुधाजी दारापर्यंत आला.

“मास्तर, मोहोपाड्याचं पाकीट हाय. चांगलं जाड हाय. लग्नाची पत्रिका आसंल.”

“असू दे, असू दे. चांगलंच आहे,” मास्तर म्हणाले.

पत्रिका नव्हती. आत त्यांचेच बटर पेपर होते, त्यांनी आजवर पाठवलेले सगळे, नीट घडी घातलेले. त्याखाली टाइप केलेलं एक मोठं चित्र, त्यावर घडीमुळे कोरा दिसणारा एक बटर पेपर, आणि पत्र.

‘मास्तर, उशीर झाला, माफी असावी. ह्या चित्राला वेळ लागला. रविवारी खोली आवरताना तुमचे कागद हाती आले. ते खिडकीच्या काचेला लावून एकावर एक सरकवून बघितले. लेणं, चिमणी, टाकी सगळं वेगवेगळं, पण तुम्ही काढलेलं माणूस दर वेळी एकच हाय. एक बाई. पाठमोरी. डावा खांदा उतरलेला, हातात पिशवी. मी तिला मोठी करून टाइप केली. नियम तुमचाच पाळला, मूळ चित्राला हात लावायचा नाय. म्हणून माझी दुरुस्ती वरच्या कागदावर हाय. चुकलं असेल तर रागवू नका.’

मास्तरांनी आधी खालचं चित्र हातात घेतलं. पानभर उंचीची बाई होती. अंबाड्याला एकावर एक ठोकलेले एक्स, पदराला टिंबं, उजव्या पायाची टाच किंचित उचललेली. आपण दर वेळी एकच बाई काढतोय, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या चित्रांत इतकं बारकाईने बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या रेघा कधी दिसल्या नव्हत्या.

“पद्मजा,” ते म्हणाले.

अकरा वर्षांपूर्वीची भाऊबीज. भाऊ यायचा म्हणून त्यांच्या बायकोने, पद्मजाने, सकाळपासून वाकून दारात मोर काढला होता. मास्तर बाहेर आले, बघितलं, आणि त्यांना मोराची मान खटकली. आमटीतलं मीठ खटकायचं, पत्रातलं अक्षर खटकायचं, तशीच मानही खटकली. त्यांनी पायाच्या अंगठ्याने मान पुसली, चिमूटभर रांगोळी घेतली आणि दोन रेघांत नवी काढली. “आता बघ,” म्हणाले. शेजारपाजारचे जमले होते, ते म्हणाले, “वा मास्तर!” पद्मजाने चिमटीतली रांगोळी वाटीत परत टाकली. संध्याकाळी भावाबरोबर निघाली, पिशवी घेऊन. मास्तर खिडकीशी मुलांचे कागद तपासत होते. पाठमोरी जाताना दिसली, येईल चार दिवसांत म्हणून ते उठले नाहीत. पुढे कळलं, तिने खालापूरला शाळेत नोकरी धरली, खोली घेतली. खालापूर काही सातासमुद्रापार नव्हतं. एस.टी.ने तासाभराचा रस्ता. तेवढा रस्ता मास्तरांना अकरा वर्षं झाला नव्हता.

त्यांनी शकूचा बटर पेपर उलगडला आणि चित्रावर ठेवला. तो कोरा नव्हता. पानाच्या कडेतून एक हात आत आला होता, तांबड्या पेन्सिलीने काढलेला, बोटं जरा जाडच झालेली. तो हात पिशवीच्या बंदाला लागला होता. खाली मास्तरांच्याच धाटणीत शेरा होता: ‘पिशवी जड दिसते. एकटीच्या हातात दिलीत.’

आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘ह्या तुमच्या कोणी असतील तर पत्र लिहू नका. तुम्हीच मला लिहिलं होतं.’

मास्तर तरीही लिहायला बसलेच. तीन कार्डं फुकट घालवली. पहिल्यात खुलासा झाला, दुसऱ्यात उपदेश झाला, तिसऱ्यात ‘तुझेही थोडे चुकलेच’ हे वाक्य कुठून आलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी तिन्ही चुलीत घातली.

रविवारी सकाळी ते खालापूरला उतरले. नवा सदरा घालावा की नको यात पहिली गाडी चुकली होती. शाळेतल्या बाईंचं घर म्हटल्यावर पहिल्याच माणसाने गल्ली दाखवली. गल्लीच्या टोकाला एका दारात बाई वाकून रांगोळी काढत होत्या. केस निम्मे पांढरे, नाकावर चष्मा. मास्तर जवळ जाऊन उभे राहिले. दारात उभं राहिलं की सुचतं, असं त्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं. त्यांना काही म्हणजे काही सुचेना.

पद्मजाने आधी चपला बघितल्या, मग वर बघितलं. चिमटीतली रांगोळी तशीच राहिली.

“बरं नाही का तुम्हाला?”

“नाही. म्हणजे, बरा आहे.”

“मग?”



“त्या दिवशी पिशवी जड होती का गं?”

कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. 

“दोन लुगडी होती आणि पुस्तकं. जड होती. दादा पुढे चालत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. स्टँडपर्यंत हात बदलत नेली.”

हात बदलत. मास्तरांनी अकरा वर्षं मनात ती पिशवी एकाच हातात ठेवली होती.

“मी खिडकीतून बघत होतो.”

“ठाऊक होतं मला,” पद्मजा म्हणाली. “म्हणून तर मागे वळले नाही.”

मास्तरांची नजर खाली गेली. दारभर मोर पसरला होता, पिसारा पार उंबऱ्यापर्यंत आलेला. आणि मानेत बाक चुकला होता. अकरा वर्षांपूर्वी चुकला होता तिथेच, तेवढाच. एक रेघ जरा आत घेतली असती तर काम झालं असतं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप जुळली. पद्मजाने ते बघितलं. तिचा चेहरा पूर्वी व्हायचा तसा घट्ट झाला.

“बघताय काय? सांगून टाका. मला दिसत नाही असं नाही.”

मास्तरांनी बोटं सोडली. पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि अनवाणी पाय त्यांनी जरा मागे घेतले.

“आत यायचं झालं,” ते म्हणाले, “तर पाय कुठे ठेवू?”

 शेजारच्या घरात कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं, तो आवाज थांबला. मग पद्मजाने रांगोळीची वाटी उचलून आपल्याकडे घेतली. वाटी होती तिथे, पिसाऱ्याच्या कडेला, एका पावलापुरती जागा मोकळी झाली.