सहीच्या फाईलीतलं तिसरं पत्र

माझा राजीनामा सबनीस साहेबांनी तिसऱ्यांदा ‘हरवला’, तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि तो कागद त्यांच्या पेपरवेटखाली मला धडधडीत दिसत होता. टायपिंग माझं, खाली सही माझी. साहेब म्हणाले, “कुठे गेला कोण जाणे, चांगुणाबाई. परत एक देऊन ठेवा.” माणसानं खोटं बोलावं, पण निदान त्या कागदावर हात तरी ठेवावा.

“पेपरवेटखाली आहे, साहेब.”

“असं का,” म्हणाले, आणि फोन उचलला.

साल अठ्ठ्याहत्तर. सातपूरच्या एमआयडीसीत द्राक्षबागांवर औषध मारायचे पंप बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या ऑफिसात मी सात वर्षं टायपिस्ट होते. सबनीस मॅनेजर. दोन मेला मला मनमाडहून रेल्वेची ऑर्डर आली. काम टायपिस्टचंच, पण कायम. एकतीस मेपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द, आणि येताना सध्याच्या ठिकाणचं कामावरून मुक्त केल्याचं पत्र आणायचं. माझ्या इथल्या नेमणुकीत पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली होती. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. यात अडण्यासारखं काही होतं का, तुम्हीच सांगा.

माझे वडील, धोंडीराम गांगुर्डे, त्याच मनमाडला गँगमन होते. तीस वर्षं रूळ ठोकले. पगाराला ऑफिसच्या खिडकीबाहेर रांगेत उभे राहिले, आत त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. रिटायर झाल्यावर आम्ही नाशिकरोडला राहायला आलो. ऑर्डर आली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

“म्हणजे तू आत बसणार?”

“आत.”

“खुर्चीवर?”

“टायपिंग उभ्यानं होत नाही, बाबा.”

त्यांनी ऑर्डरची घडी घातली आणि बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचून ठेवली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की एकच प्रश्न, “सोडलं का गं?” आणि रोज मी म्हणायची, “उद्या.” त्या ‘उद्या’नं मला जो संताप यायचा, तो मी घरी काढू शकत नव्हते आणि ऑफिसात तर नाहीच नाही.

साहेब मला का सोडत नव्हते हे मला चांगलं ठाऊक होतं. माया नव्हे. साहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरलेला. त्यांचं त्यांनाही लागायचं नाही. ते चिठ्ठीवर खरडायचे, मी ते लावायची, मोडकं वाक्य सरळ करायची आणि टाइप करायची. मुंबईचे मालक म्हणायचे, सबनीसांची पत्रं किती नेटकी असतात. ते ऐकून साहेब मान डोलवायचे आणि मी मशीनची रिबन बदलत बसायची.

पण हे ते कबूल थोडेच करणार. म्हणाले, बदली टायपिस्ट मिळू दे. पेपरात द्यायची जाहिरात मीच टाइप केली. पाच जणी येऊन गेल्या. एकीचा स्पीड कमी, एकीचं लग्न झालेलं, एकीचं व्हायचंय, एक फार बोलते, एक बोलतच नाही. एक तरी पसंत पडेल तर शपथ.

सत्तावीस तारखेला मी परत गेले. “साहेब, चार दिवस राहिले. पत्र द्या.”

तेव्हा खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “तुमचं काय बाई, तुम्हा लोकांना सरकार घरी बोलावून नोकऱ्या देतं. ही गेली तर दुसरी येईल. मरण आमचं आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रेल्वेच्या परीक्षेत मिनिटाला पन्नास शब्द मी मारले होते, सरकारनं नव्हे. हे तोंडावर म्हणायला हवं होतं. पण मी म्हटलं नाही. मुकाट्यानं बाहेर आले. त्यांचा राग आहेच, पण त्या गप्प बसण्याचा माझा मलाच जास्त राग आहे, आजसुद्धा.

आता आमच्या ऑफिसातली एक रीत सांगते. रोज चार वाजता मी सहीची फाईल घेऊन आत जायची. साहेब फोनवर बोलत असायचे. मी एकेक पान उलटायची, ते खाली सही मारायचे, मी टिपकागद दाबायची. वीस पत्रं असोत की चाळीस, सात वर्षांत त्यांनी एक ओळ वाचली असेल तर माझं नाव बदला.

त्यापायी एकदा एक गरीब पोळला होता. स्टोअरमध्ये पिंपळगाव बसवंतचा झुंबर नावाचा हेल्पर होता. दांडी मारली दुसऱ्यानं, आणि घाईत मी आठ दिवस घरी बसवायच्या पत्रावर नाव टाइप केलं झुंबरचं. चूक माझी. साहेबांनी न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर मी धावत आत गेले, म्हटलं, साहेब, माझं चुकलं, पत्र मागे घ्या. तर म्हणाले, “सही झाली की झाली. ऑफिसनं शब्द फिरवला तर शोभतं का?” झुंबर बिचारा आठ दिवस घरी बसला. परत आल्यावर मला म्हणाला, “जाऊ द्या बाई.” त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीस तारखेला सकाळी डबा भरताना मी बाबांना म्हटलं, “आज पत्र घेऊन येते.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “फसवून आणलेलं नको हां, चांगुणा.”

“फसवत नाही. त्यांच्या पुढ्यात ठेवणार. त्यांनी वाचलं नाही तर मी काय करू?”

 फोटोमागची ऑर्डर काढून त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवली.

दुपारी मी मशीनवर कागद चढवला, दोन कार्बन लावले आणि टाइप केलं: विषय, कुमारी चांगुणा धोंडीराम गांगुर्डे यांना आज कामाची वेळ संपल्यापासून कामावरून मुक्त करण्याबाबत. विषयाखाली ठळक रेघ मारली. फाईलीत तळाशी दडपलं नाही. तिसऱ्या पानावर ठेवलं.

चार वाजता आत गेले. साहेब फोनवर हसत होते. पहिलं पान, सही. दुसरं, सही. तिसरं पान उलटलं आणि मी हात बाजूला घेतला, विषय नीट दिसावा म्हणून. खरं सांगते, त्या घटकेला मला वाटत होतं की यांनी वाचावं. वाचून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, निदान मला भांडता आलं असतं. साहेबांनी सही मारली आणि ‘चल, पुढचं’ म्हणून बोट हलवलं. सात वर्षं ज्या बाईच्या जिवावर पत्रं लिहिली, तिचं नाव कागदावर समोर होतं, तेही दिसलं नाही. मी टिपकागद इतका जोरात दाबला की टेबल हललं.

पत्राला जावक नंबर घातला. एक प्रत फाईलला लावली, मूळ पत्र पर्समध्ये ठेवलं. पाच वाजता टाइपरायटरच्या कपाटाची किल्ली आणि कार्बनची दुसरी प्रत घेऊन मी साहेबांपुढे गेले.

“ही किल्ली. आणि हे वाचा, साहेब. आता तरी वाचा.”

त्यांनी वाचलं. सात वर्षांत त्यांना माझं टायपिंग वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं. कान लालबुंद झाले.

“ही लबाडी आहे.”

“विषयाखाली रेघ मारलेली आहे. तुमच्या डोळ्यांसमोर पान धरलं होतं.”

“मी हे रद्द करतो.”

“सही झाली की झाली. ऑफिसनं शब्द फिरवला तर शोभतं का? झुंबरच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात.”

साहेब ताडकन उठले. “बसा तिथे. रेल्वेला पत्र घ्या. आत्ताच्या आत्ता.”

आणि माझं मेलीचं नशीब बघा, मी बसले. सात वर्षांची सवय. त्यांच्या केबिनच्या दाराशीच माझं मशीन होतं. कागद चढवला, कार्बन लावला. ते सांगू लागले आणि माझी बोटं चालू लागली: ‘कुमारी गांगुर्डे यांनी आमची दिशाभूल करून मिळवलेले पत्र…’ माझं नाव टाइप होऊन समोर आलं तेव्हा मी भानावर आले. मी स्वतःच्याच गळ्यावर सुरी फिरवत होते, तीसुद्धा मिनिटाला पन्नास शब्दांनी.

मी कागद ओढून काढला, चुरगळला आणि मशीनवर कव्हर घातलं.

“पाचच्या पुढे मी इथे कामाला नाही, साहेब. नव्या बाई आल्या की त्यांच्याकडून टाइप करून घ्या. आणि पन्नास शब्द मी मारले होते, सरकारनं नव्हे.”

ते काहीतरी ओरडत राहिले. मी वळून पाहिलं नाही. फाटकाबाहेर बस स्टॉपवर येऊन उभी राहिले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाचंच. अर्धा तास झाला तरी बस आली नव्हती.

तेवढ्यात आमचा शिपाई पुंजाराम धापा टाकत आला. हातात एक कागद आणि कोरं पाकीट.

“बाई, थांबा जरा. साहेबांनी सोताच्या हातानं लिवलंय. उद्याच्या उद्या रजिस्टर करायचं म्हनले. पन पत्ताच कोनाला लागंना. साहेबांना इचारलं तर त्यांनी चष्मा लावून पाह्यलं अन् म्हनले, चांगुणाबाईला गाठ, तिला लागतंय.”

मी कागद घेतला. मला सगळं लागत होतं, कान्यामात्र्यासकट. पत्ता मनमाडचा. ‘फसवणूक’ दोनदा. ‘असल्या लोकांना’ एकदा. मी ते शब्द परत एकदा वाचले. सकाळी बाबांना ‘फसवत नाही’ म्हटलेलं आठवलं, आणि मग ते खिडकीबाहेर रांगेत उभे असलेले आठवले. समोरून नाशिकरोडची बस येत होती.

“काय लिवलंय?” पुंजारामनं विचारलं.

“मला नाही लागत, पुंजाराम. साहेबांनाच वाचून दाखवायला सांग.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “आवं, सात वरसं तर लागत व्हतं.”

“तेव्हा मी इथे नोकरीला होते,” मी म्हणाले, कागद त्याच्या हातात परत दिला आणि बसमध्ये चढले.