सत्तावीसशे केल्विनची लक्ष्मी

भोंगवलीच्या अलीकडच्या माळावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पो भरभरून माणसं उतरत होती आणि पत्र्याच्या एका खोलीकडे तोंड करून हात जोडून बसत होती. खोलीला खिडकी नाही, छपराला फट नाही, तरी आत गहू उगवत होता. दोन दारं, दोन पडदे. डाव्या पडद्याआडून सोनेरी उजेड झिरपायचा, उजव्या पडद्याआडून पांढराफेक.

"ह्ये पिवळं लक्ष्मीचं तेज, बाळांनो, आन् ह्ये पांढरं शनीचं," अंकुरबाबा डोळे मिटून सांगत होते. "कुनाचं परळ कुठं ठेवायचं, ते मी ठरवत न्हाई. आई वढती तिकडं हात जातो."

परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. त्यात आपल्या नावाने गहू पेरून बाबांकडे द्यायचा आणि सात दिवसांनी निकाल घ्यायचा. नवरात्रात घटाचं धान उंच, पिवळंधमक आलं की घरात बरकत, असं आपण मानतोच. बाबांनी ते नवरात्र बारमाही केलं होतं. उंच त्याचं भाग्य, बुटकं त्याची अवदसा. आईची ओढ बहुतेक वेळा शिध्याच्या भरलेल्या पिशवीकडे असायची, ही गोष्ट वेगळी. गुरुवारी दोन्ही तेजं बंद, कारण त्या दिवशी आईचा उपास. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद असते, हे पंचक्रोशीला पाठ होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही.

मी सौदामिनी. भोरला एसटी स्टँडाजवळ माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांनी आधी मुलीला विजेचं नाव दिलं, मग दुकानाला मुलीचं. माळावर मी गेले ती नुसती गंमत बघायला. रस्त्यावरचा प्रत्येक बाबा पकडत बसले तर दुकान उघडणार कोण?

पण तेवढ्यात मोहिनीचं परळ बाहेर आलं. हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावरची वीसबावीस वर्षांची सून. सासरा बिरू आणि सासू चंद्राबाई तिला घेऊन आले होते. पंधरवड्यात त्यांची अकरा करडं मेली होती. परळातला गहू जेमतेम चार बोटं वर आलेला.

"अवदसा," बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "अकरा करडं ग्येली, आता मान्साचा नंबर. आठ दिसांत हिला म्हायेरी घाला आन् परत आनू नका."

मोहिनी रडली नाही. ती नुसती परळाकडे बघत राहिली. तिचा नवरा संपत शेळ्यांपाशी वाड्यावर होता. त्याला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मला संताप आला. आणि त्याच क्षणी पडद्याशी उभा असलेला शिष्य मी ओळखला. तो गोरख होता, माझं गिऱ्हाईक.

दोन महिन्यांपूर्वी तो दुकानात आला आणि सीएफएल मागू लागला. एलईडी आल्यापासून सीएफएलला कुत्रं विचारत नाही, माझ्या माळ्यावर खोकी धूळ खात पडली होती. त्याने नऊ पिवळे आणि नऊ पांढरे दिवे घेतले, खोक्यावरचे आकडे वाचून: पिवळ्यांवर २७०० केल्विन, पांढऱ्यांवर ६५००. लांब वायर मात्र फक्त पांढऱ्यांसाठी घेतली. मला तेव्हा खोकी संपल्याचाच आनंद झाला होता.

माळावरून भोरला परतले, तेव्हा हिर्डोशीची एसटी सुटायला तीन तास होते. स्टँडावर बसलेल्या त्या तिघांना मी दुकानात चहाला बोलावलं.

"चंद्राबाई, तुमच्या एकटीच्याच नावाची दोन परळं घालू. एक उंच उगवून दाखवते, एक बुटकं. आठ दिवस द्या," मी म्हणाले.

"आठच दिस हायती आमच्यापाशी," बिरू म्हणाले.

"पुरतात."

दुकानामागच्या खोलीत उन्हाचं नाव नाही. तिथे मी उरलेल्या सीएफएलखाली मेथी-कोथिंबीर लावते. पहिल्यांदा पिवळ्या दिव्याखाली लावली, तर कोथिंबीर काडीसारखी वाढून आडवी झाली. मग आकड्यांचा अर्थ शोधला. हे केल्विन दिवा किती तापतो ते सांगत नाहीत, उजेडाचा रंग सांगतात. सत्तावीसशेच्या उजेडात तांबडा भाग जास्त, निळा कमी; पासष्टशेच्या उजेडात निळा भरपूर. निळा उजेड मिळाला की रोप ठेंगणं, दणकट, हिरवंगार राहतं. तो कमी पडला की उजेडाच्या शोधात मान वर काढत सुटतं. त्यात दिवा लांब असेल तर विचारूच नका. पांढऱ्यांनाच लांब वायर का लागली, तेही आता कळलं: पांढरे दिवे परळाजवळ लोंबत असणार आणि पिवळे छपरापाशी.

चंद्राबाईंनी एकाच पिशवीतला गहू दोन परळांत पेरला. मी भांडी बदलीन म्हणून दोन्हींना स्वतःच्या हाताने खुणेचं कुंकू लावलं. मला ते आवडलं. बाबाकडे एवढा संशय घेतला असता तर प्रश्नच नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी तिघं आली. मोहिनीच्या काखेत कपड्यांचं गाठोडं होतं, कारण दुकानातून पुढे तिला गुंजवण्याला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. मी खोली उघडली. पिवळ्या दिव्याखालचा गहू वीतभर, फिकट आणि झुकलेला. पांढऱ्याखालचा चार बोटं, गडद हिरवा, ताठ. मी समजवायला तोंड उघडलं, पण चंद्राबाईंनी हातानेच मला थांबवलं. दोन्हींतली एकेक पात तोडली, बोटांत चोळली, चावून बघितली.

"ह्ये लांबडं झाडाबुडचं गवात हाय," त्या म्हणाल्या. "सावलीतलं. दिसाया लई, पर कस न्हाई, शेळी दूध कमी करती. आन् ह्ये माळावरचं, उनातलं. ह्येच्यावर करडू उबं ऱ्हातं." मग नवऱ्याकडे वळल्या. "आवं, त्यो बाबा उपाशी रोपाला लक्ष्मी म्हनतूया."

माझं सगळं केल्विन एका वाक्यात आटोपलं. मी दुकान बंद केलं आणि आम्ही भोंगवलीची वाट धरली.

चंद्राबाईंनी उंच परळ बाबांपुढे ठेवलं.

"वा, राजयोग," बाबा म्हणाले. "कुनाचं?"

"माजं. आन् ह्ये?"

"शनी. ज्या कुनाचं आसंल, त्येला दारात उबं करू नका."

"त्ये बी माजंच हाय."

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा माळ हसला. गोरख पडद्यांपुढे आडवा उभा राहिला. बिरूंनी त्याला बाजूला करून काठीने दोन्ही पडदे वर उचलले. छपरापाशी नऊ पिवळे दिवे, परळांवर वीतभर अंतरावर नऊ पांढरे, आणि प्रत्येकावर माझ्या दुकानाचा स्टिकर. मला लाज वाटली. थोडा अभिमानही वाटला, एकही दिवा उडालेला नव्हता. मी लोकांना रंगांचं गणित सांगितलं. बाबा म्हणाले, ही विद्या आईने स्वप्नात दिली. गोरख घाबरून बोलून गेला, "केळीची रोपं करायच्या लॅबात कामाला व्हतो आमी दोगं. तितं असंच दिवं लावत्यात."

गर्दी पांगायला लागली. चंद्राबाई मोहिनीला म्हणाल्या, "चल, घरी जाऊ."

मोहिनी हलली नाही.

"आत्या, ह्याच मान्सांफुडं मला अवदसा म्हनलं. आता ह्येंच्याच फुडं सांगा, करडं कशानं मेली."

निघालेले लोक थांबले. चंद्राबाईंनी पदर नीट केला.

"दोन मेली तवा गुरांचं डाक्तर लस घ्येऊन वाड्यावर आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी संपत शेळ्या घ्येऊन रानात, आन् आमी कुनीच घरी न्हवतो. हिच्या नावाचं परळ ठिवाया हितं आलो व्हतो. लस चुकली आन् मागनं नऊ ग्येली. पोरीचा काय बी दोस न्हाई. चूक माजी हाय."

मोहिनीने गाठोडं सासूच्या हातात दिलं आणि पुढे चालू लागली.

तुम्हाला माझं सांगणं साधं आहे. कुठे तेज दिसलं की वायर कुठून आली ते बघा. एकाच्या नावाने दोन परळं पेरून बघा. जनावर आजारी पडलं तर आधी डॉक्टरला बोलवा आणि तो येईल तेव्हा घरी थांबा. एवढं केलं असतं तर नऊ करडं बहुधा वाचली असती, आणि घरच्या सुनेला आपण निर्दोष आहोत हे भर माळावर कबूल करून घ्यावं लागलं नसतं.