निळ्या ठोकळ्याचा दुसरा तुकडा

"कटर बंद होता होता 'खट्' असा आवाज येतो. तो आला नाही, तर हातातलं टाकून मागच्या खोलीत जा," असं सासऱ्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी एका हाताने लेकीचं नाक पुसत होते आणि दुसऱ्या हाताने उतू चाललेलं दूध उतरवत होते. मी "हो बाबा" म्हटलं. बोलणं संपवण्यासाठी म्हणतात, तसलं हो.

बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. दहाही बोटं शाबूत घेऊन ते त्यातून बाहेर पडले, पण कान तिथेच ठेवून आले. आमच्या घराच्या मागच्या मोठ्या खोलीत आता माझा नवरा आणि त्याचा जोडीदार कपाटं बनवतात. बाबा दारात खुर्ची टाकून बसतात, पण त्यांना दिसतं तेवढंच कळतं. म्हणून त्यांनी ऐकण्याचं काम माझ्यावर सोपवलं होतं. "माझ्या कानांनी राजीनामा दिलाय. तुझे तर मुंगी चालली तरी उभे राहतात," असं ते हसत म्हणाले होते.

ते खरंच होतं. लेक झाल्यापासून मला सगळं ऐकू यायचं. तिचा श्वास जरा अडखळला, की शेजारच्या खोलीत माझा अडखळायचा. झोपायच्या आधी मी तिचे लाकडी ठोकळे मोजायची, कारण रंगाचे टवके तोंडात जातात असं मी कुठेतरी वाचलं होतं. नवरा म्हणायचा, कॉलेजात शिकून ही फक्त घाबरायला शिकली. मी चिडायची, पण मोजायचं सोडायची नाही.

कटर म्हणजे हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत. पात्याचा वरचा अर्धा भाग पक्क्या पत्र्याखाली असतो आणि खालचा अर्धा सरकत्या झाकणाखाली. पातं लाकडात शिरतं तसं ते झाकण मागे सरकतं. पातं बाहेर आलं, की स्प्रिंग झाकणाला पुन्हा जागेवर ओढते. तोच तो खट्.

आणि नेमका तोच माझ्या लेकीला सहन व्हायचा नाही. दहा महिन्यांचं ते बाळ, कटरच्या घरघरीत ढाराढूर झोपायचं. लांबलचक फळी कापली जात असताना तर पापणीही हलायची नाही. पण खट् झालं, की दोन्ही हात हवेत आणि मग तारस्वरात रडणं. दोन मशिनं, दोन माणसं, दुपारभर खट् आणि खट्. मी तीन आठवडे नीट झोपले नव्हते. एका दुपारी तिला कडेवर घेऊन मी मागच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मशीन चालवू नका असं मी म्हणत नाही. पण त्या खट्चं काहीतरी करा. नाहीतर मी वेडी होईन."

नवरा मान खाजवत म्हणाला, बघतो. त्याचा जोडीदार हसला.

जोडीदाराला सगळे डावऱ्या म्हणतात, कारण तो डाव्या हाताने काम करतो. बाजारातली बहुतेक मशिनं उजव्या हातासाठी असतात, त्यामुळे सगळा भुसा त्याच्या अंगावर उडायचा. जेवायला बसला, की पीठ मळून आल्यासारखा दिसायचा. सदा शीळ घालायचा, एकाच गाण्याची, आणि कडव्याच्या मध्येच सोडून द्यायचा. पुढचं येतच नाही म्हणायचा. माझ्या लेकीला तो राणीसरकार म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला, "वहिनी, हुकूम झाला, आता निघा. राणीसरकारांची झोप आमच्याकडे लागली."

दुसऱ्या दिवसापासून खट् बंद झाला.

कसा बंद झाला हे मी विचारलं नाही. लेक दोन-दोन तास झोपू लागली. मी केस विंचरले, बसून जेवले, एकदा तर चक्क वर्तमानपत्र वाचलं. बाबांचं सांगणं मला एकदाही आठवलं नाही. त्याच सुमारास ठोकळ्यांमधला निळा हरवला. मी पलंगाखाली पाहिलं, धुण्याच्या बादलीत पाहिलं, दोन दिवस लेकीची शीसुद्धा निरखून पाहिली. ठोकळा तिच्या मुठीहून मोठा होता, गिळणं शक्यच नव्हतं. पण काळजी माप घेऊन येत नाही.

महिन्याभराने डावऱ्या गेला. त्याला बाहेरगावी मोठ्या इमारतीचं काम मिळालं होतं, दारं आणि कपाटं बसवायचं. जाताना त्याने लेकीच्या पायाला हात लावून मुजरा केला, आपलं मशीन पोत्यात गुंडाळलं आणि शीळ घालत निघाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, नवरा जमिनीवर उकिडवा बसून कपाटाचं दार कापत होता. दोन पट्ट्यांवर फळी, तिच्यावर त्याचा गुडघा. मी दारातून हाक मारली, जेवायला चल म्हणून. त्याने बटण सोडलं आणि माझ्याकडे मान वळवत, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कटर बाजूला टेकवलं.

बटण सोडल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं. एरवी तोवर झाकण पडलेलं असतं, म्हणून ती सवय पचून जाते. त्या दिवशी पातं उघडं होतं. ते फरशीला लागलं, मशीन जिवंत जनावरासारखं उसळलं आणि मागे त्याच्या मांडीवर गेलं.

तो ओरडला नाही. "अगं," एवढंच म्हणाला, जणू मी काहीतरी विसरले होते. बाबांनी खुर्चीतून उठून आपल्या धोतराचा सोगा त्याच्या मांडीवर दाबून धरला. मी रिक्षा आणली. सतरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पातं आणखी दोन बोटं आत जातं तर शीर तुटली असती आणि इथवर आणायची गरजच पडली नसती. हे त्यांनी मला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर बाबांनी आधी भिंतीतला प्लग काढला. मग मशीन मांडीवर उलटं घेऊन झाकण हलवून पाहिलं. ते हललं नाही. त्यांनी पटाशीच्या टोकाने फटीतून काहीतरी उचकटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाएवढी पाचर. एका बाजूने निळी.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उशीला टेकून पडला होता.

"तिच्या झोपेपुरतीच लावत होतो," तो म्हणाला. "ती उठली की काढायचो. मग एक-दोनदा राहिली. मग सवय झाली."

"मी सांगितलं म्हणून?"

तो मांडीवरची पट्टी सारखी करू लागला. त्याला मला दोष द्यायचा नव्हता, हे मला कळलं, आणि त्याने दिला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

बाबांना आमचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. ते ब्रशने झाकणाच्या मागचा भुसा झटकत होते. तेल नको, तेलाला भुसा आणखी चिकटतो, हे स्वतःलाच सांगत होते. त्यांनी झाकण मागे ओढून सोडलं. खट्. पुन्हा ओढून सोडलं. खट्. आत लेक दचकून रडायला लागली. मी तिला घ्यायला गेले नाही. हातातली पाचर उलटसुलट करून बघत होते. ठोकळा तिरका चिरलेला होता. एका ठोकळ्याच्या अशा दोन पाचरी होतात.

"दुसरी कुठे आहे?" मी विचारलं.

नवऱ्याने डोळे मिटले. मशिनं दोन होती. आवाज दोन्ही करत होती.

तेव्हापासून आम्ही डावऱ्याला शोधतोय. त्याचा नंबर बंद आहे. त्याच्या बहिणीला विचारलं, तर तिच्याकडेही तोच बंद नंबर. इमारतीच्या कंत्राटदाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, इथे चाळीस सुतार येऊन गेले, डावरा कोण नि उजवा कोण हे कोण बघतं. नवरा आता काठी घेऊन चालतो, पुढच्या महिन्यात कामाला लागेल. त्याचं झालं ते शिवून टाकता आलं. पण दुसरी पाचर अजून कुठेतरी अडकलेली आहे, आणि ती ज्याच्या मशीनमध्ये आहे त्याने ती माझ्या लेकीच्या झोपेसाठी, हसत हसत लावून घेतली होती. उरलेले आठ ठोकळे मी अजून मोजते. आठच भरतात.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात लाकडाचं काम चालू असेल, तर जरा जाऊन बघा. डाव्या हाताने कापणारा, भुशाने पांढरा झालेला, शीळ कडव्यात मध्येच सोडणारा माणूस दिसला, तर त्याला हाक मारू नका. माझी हाक काय करून गेली ते सांगितलंच आहे. पातं पूर्ण थांबेपर्यंत उभे राहा आणि कान देऊन ऐका. खट् आला नाही, तर त्याला आधी प्लग काढायला लावा, मग झाकणाच्या फटीत निळं काही दिसतं का ते पाहा. दिसलं तर सांगा, की वहिनीने काढायला सांगितलंय. राणीसरकार आता आवाजाने उठत नाहीत.