जान्याच्या अंगणातली सतरंजी

मी एक सतरंजी. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, जाड सुताची. नगरकडच्या एका हातमागावर माझा जन्म झाला आणि लतिकाबाईंच्या आईने लेकीच्या लग्नात मला दिलं. "घरात काही नसलं तरी चालेल, आल्यागेल्याला बसायला हवं," असं त्या माउलीचं म्हणणं. लेक कुठे कुठे माणसं बसवणार आहे, याची तिला काय कल्पना!

लतिकाबाई आणि त्यांचे यजमान प्रल्हाद रणभिसे सत्त्याण्णव साली वसईला आले. नगरच्या एका ख्रिस्ती मिशन संस्थेने त्यांना आदिवासी पाड्यांवरच्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या सांभाळायला पाठवलं होतं. उमेळ्यात, केळीची वाडी तोडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत त्यांनी बिऱ्हाड केलं. तिथे मी क्वचितच उलगडले. माझी खरी जागा स्कूटरवर, लतिकाबाईंच्या मांडीवर. चांदीप गावाच्या पुढे रस्ता संपला की त्या मला खांद्यावर घेत आणि दोघं पायवाटेने डोंगराकडे निघत.

पाड्यावर ना घंटा, ना बाक. तिथल्या जान्या नावाच्या गड्याच्या अंगणात मला अंथरलं की उपासना सुरू आणि झटकलं की संपली. माणसं कशी बसतात ते मला चांगलं ठाऊक. नवखा माणूस काठावर टेकतो, एक पाय बाहेर ठेवून. जान्याही तसाच बसला होता. प्रल्हादरावांनी त्याला अक्षरं शिकवली, त्याची दारू सुटेपर्यंत पिच्छा सोडला नाही. दोन वर्षांत तो मधोमध बसून दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू लागला. त्याची बायको सोमी शेजारी मान खाली घालून बसे, पण गाणं तिच्याच गळ्यातून उठायचं.

जान्याची आई वनशी मात्र माझ्यावर कधी बसली नाही. "तुमच्या देवाच्या फडक्यावर मी नाय बसायची," म्हणायची आणि जमिनीवरच फतकल मारायची. मग गाणं संपलं की हळूच, "बाय, ते मघाचं परत म्हना ना." लतिकाबाई हसायच्या आणि परत म्हणायच्या.

सगळं बिघडलं ते गावदेवीच्या पूजेवरून. ती पूजा करणाऱ्या भगताकडे घराघरातून तांदूळ आणि कोंबडा द्यायची पाड्याची रीत. जान्याने विचारलं, "पास्टर, देऊ का?"

"दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही, जान्या," प्रल्हादराव म्हणाले.

"गाव काय म्हनंल?"

"म्हणू दे. तू ठाम राहा."

जान्या ठाम राहिला. गावानेही मग त्याला विहीर बंद केली. सोमी खाली ओढ्यावर जाऊ लागली. तिच्या घरी विस्तवही कुणी देईना. भीतीने बाकीचे यायचे थांबले आणि माझ्या मधल्या पट्ट्या उघड्या पडल्या.

एका रविवारी उमेळ्याला परतल्यावर लतिकाबाईंनी मला कोपऱ्यात उभं केलं आणि तिथेच थांबल्या.

"आपण घरी येतो, नळ सोडतो. सोमीने काय करायचं?"

"विश्वासासाठी सोसावं लागतं. हेच तर शिकवतो आपण."

"शिकवतो आपण. सोसते ती."

दोघं त्या दिवशी वेगवेगळी जेवली.

पावसाळ्यात ओढा गढूळ झाला. पुढच्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा वनशी उलट्या-जुलाबांनी चिपाड होऊन पडली होती. तिला खाली रस्त्यापर्यंत न्यायला चार माणसं हवी होती. एकही दार उघडलं नाही. मग जान्याने बांबू आणला, मला त्याला बांधून झोळी केली आणि तिला माझ्यात घातलं. पुढे जान्या, मागे प्रल्हादराव. म्हातारीचं सगळं अंग तापाने फणफणलेलं, मला चटके बसत होते.

"पास्टर," ती मध्येच म्हणाली, "मी गेले तर भगताला बोलवा. माझ्या मानसांसारखं करा माझं. आडवू नका."

"तुला काही होत नाही, आजी."

"आडवू नका," ती पुन्हा म्हणाली. रस्ता दिसायला लागला आणि तिचा श्वास थांबला.

तिला परत अंगणात आणलं. भगत घराबाहेर आला नाही. जान्याने गावाची रीत सोडली होती, आता गावाने त्याला सोडलं होतं. आईजवळ बसून तो नुसता पास्टरांकडे बघत राहिला. प्रल्हादराव उठले, चिखल तुडवत भगताच्या दारात गेले आणि दाराआडून बघणाऱ्या सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले.

"दोष माझा आहे. म्हातारीने तुमची रीत कधी सोडली नाही. माझ्या सतरंजीवरसुद्धा बसली नाही ती. तिचं काय करायचं ते तुम्ही येऊन करा."

भगताने काठी उचलली. त्याच्यामागून एकेक दार उघडलं.

विहीर मोकळी झाली. पण संस्थेपर्यंत बातमी गेली: मिशनचा माणूस भगताला बोलवायला गेला. प्रल्हादरावांना नगरला परत बोलावलं. निरोप घ्यायला दोघं आली तेव्हा जान्या बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"शेवटी तुमीच भगताकडं गेलात. मंग माझ्या आयसला वढ्याचं पानी कशाला पाजलंत?"

उत्तराची वाट न पाहता जान्या कोयता घेऊन रानात निघून गेला. लतिकाबाईंनी मला सोमीच्या हातात दिलं. मढं वाहिलेलं कापड टाकून द्यायचं असतं, असं शेजारणी म्हणाल्या. सोमीने मला ओढ्यावर धुतलं आणि ठेवून घेतलं.

आता माझे काठ विरलेत, मध्ये ठिगळ आहे. सोमी आणि आणखी दोघी अजूनही माझ्यावर बसून गातात. जान्या गावदेवीला तांदूळ देतो आणि गाणं चालू असताना घरातच थांबतो.

मागच्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, लतिकाबाई आणि प्रल्हादराव आले. या खेपेला कुणी पाठवलं नव्हतं, स्कूटरही नव्हती. वनशीला जिथे जाळलं तिथे प्रल्हादराव आधी जाऊन आले. अंगणात परतले तेव्हा जान्या दारात उभा होता. सोमीने चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

"जेवून जाल?" जान्याने विचारलं.

लतिकाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

जान्याने अजून क्षमा केलेली नाही, हे मला माहीत आहे. पण ताटं त्यानेच मांडली. माझा निरोप एवढाच: कुणाच्या अंगणात बसून त्याचं आयुष्य बदलायला सांगाल, तर तुम्ही उठून गेल्यावर त्या घराचं काय होईल, हे आधी विचारा.