दहाच्या रेघेवर टाचा

ट्रेमेल गिड्री लुइझियानातून आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात आला, तेव्हा पळण्यात कुणाला ऐकत नव्हता. पण पास झेलणाऱ्यांच्या पाच जागा आधीच भरलेल्या. उरली एक, समोरच्यांनी उंच लाथाडलेला चेंडू झेलून परत पळणाऱ्याची. ती नऊ वर्षं माझी होती. आता एक तर तो राहणार, नाहीतर मी.

नव्या पोरांनी जुन्यांची खांद्यावरची कवचं वाहायची, ही आमच्याकडची रीत. माझी ट्रेमेलच्या वाट्याला आली. एकदा सरावाहून परतताना म्हणाला, "लॉनीदादा, कोच माझ्यावरच का सारखा खेकसतो रे?"

"हावरट आहेस म्हणून. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूमागे उलटा धावतोस, आपल्याच गोलरेषेच्या दारात झेलतोस आणि तिथेच आडवा होतोस."

"मग करू काय?"

खरं तर गप्प बसायला हवं होतं. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कोण मारून घेतं? पण मलाही कधीतरी कुणीतरी सांगितलंच होतं.

"टाचा दहा यार्डांच्या रेघेवर ठेव. मागे एक पाऊल नाही. डोक्यावरून गेला तर जाऊ दे. आपल्या गोलरेषेमागच्या पट्टीत पोचला की आपल्याला फुकटात वीस यार्डांच्या रेघेवरून सुरुवात मिळते."

शेवटच्या सराव सामन्याला त्याचं सगळं गणगोत आलं. दिवसभरात त्याच्याकडे एकच चेंडू आला, तोही डोक्यावरून.

"झेल रे! घे तो!" त्याचा मामा बेंबीच्या देठापासून ओरडला.

ट्रेमेलनं मान वर करून चेंडू डोक्यावरून जाऊ दिला. टाचा हलल्या नाहीत. चेंडू टप्पे खात मागच्या पट्टीत गेला. लोकांनी हुर्यो उडवली.

"एवढ्या लांबून आलो ते तुला खांबासारखा उभा बघायला?" मामा कडाडला.

ट्रेमेल बाकावर येऊन रडायला लागला. "दादा, एकच संधी आली आणि मी काहीच केलं नाही. उद्या घरी धाडतील मला."

मी कोचकडे पाहिलं. तो समाधानानं मान डोलावत होता. 

सकाळी माझ्या दारावर कोचच्या मदतनिसाची थाप पडली. "लॉनी, कोचनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन ये." वही परत मागितली म्हणजे संघातून नाव कापलं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मला राग आला. ट्रेमेलचा आला, माझा स्वतःचाही आला. बॅग घेऊन बाहेर पडलो तर ट्रेमेल उभा. डोळे सुजलेले.

"तू मला सांगितलं नसतंस तर, दादा..."

"तर ही बॅग तुझी असती."

त्यानं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"सोड रे. आता तू संघातला आहेस. मी नाही."

ऐकलं नाही त्यानं. गाडीपर्यंत माझ्या मागून चालत आला, बॅग खांद्यावर घेऊन.