एका चित्रापुरता प्राण

मित्रांनो, ज्याचा प्राण पोटातून काढून दुसऱ्याच्या काखेत ठेवता येतो, असा मी एक वृद्ध कॅमेरा आहे. किरगिझस्तानातील एका पहाडी गावाच्या शाळेत, नकाशांच्या कपाटात, लोकरी पिशवीत मी पडून असतो. या वयात याला कसले भय, असे तुम्हांस वाटेल. परंतु भयावाचून मी एकही दिवस जगलेलो नाही, आणि त्यांतील एका दिवसाचे भय केवळ माझे नव्हते. तेच आज सांगावयाचे आहे.

माझा जन्म जपानातील एका कारखान्यात झाला. धुळीचा कणही जेथे शिरू शकत नाही अशा दालनात, पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी मला भिंग बसविले. पाहण्याचे दोन मार्ग मला देण्यात आले. एक, भिंगाच्या वर असलेली इवलीशी काचेची खिडकी. तिला डोळा लावला की समोरचे दृश्य आरपार दिसते आणि त्यासाठी विजेचा अंशही खर्च होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पाठीवरचा प्रकाशमान पडदा. भिंगाला जे दिसते तेच तो दाखवितो, काढलेले चित्रही पुन्हा दाखवितो. मात्र जितका वेळ तो तेवत राहतो, तितका वेळ बॅटरी पीत राहतो. माझ्या देहात त्याच्याइतका तहानलेला अवयव दुसरा नाही.

कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी माझी परीक्षा झाली. बॅटरी पूर्ण भरायची आणि ती संपेपर्यंत चित्रे काढीत राहायची. पडद्याच्या कोपऱ्यात तीन रेघांचे लहानसे चिन्ह असते. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली, ती लाल होऊन लुकलुकू लागली आणि मग सर्वत्र अंधार. मित्रांनो, तुमचे पहिले स्मरण आईच्या मुखाचे असेल. माझे पहिले स्मरण हे असे मरणाचे आहे.

पुढे पाण्याची मोजणी करणाऱ्या एका कार्यालयाने मला विकत घेतले आणि झूराकानबाईंच्या हाती सोपविले. त्यांचे काम जोखमीचे होते. त्यांच्या गावाच्या वर, घोड्यावरून अर्ध्या दिवसाच्या चढणीवर, हिमनदीच्या पायथ्याशी एक सरोवर आहे. दगड, माती आणि बर्फ यांचा निसर्गानेच रचलेला बांध त्याला अडवून धरतो. सरोवराच्या काठावर, एकाच्या वर एक, असे तीन मोठे खडक आहेत. बाईंनी त्यांवर लाल पट्टे रंगविले होते. ठरलेल्या जागी उभे राहून दरवर्षी दोनदा त्या खडकांचे चित्र काढायचे. तळचा खडक बुडाला तर सावध व्हावे. मधला बुडून पाणी वरच्या खडकाला लागले, तर बांध कोणत्याही क्षणी फुटेल असे समजून गावाने उंचावर निघून जावे, असा नियम होता.

प्रारंभी बाई माझ्या खिडकीतूनच पाहत. पण गावचे वडीलधारे, म्हणजे तिकडच्या बोलीत अक्साकाल, बेरदीबाय यांच्या सत्तरीला भोजन झाले, तेव्हा एक अपघात घडला. बाईंनी हातभर अंतरावरून त्यांचे चित्र काढले. खिडकी भिंगाहून उंच असल्यामुळे अगदी जवळचे दृश्य दोघांना वेगवेगळे दिसते. खिडकीत बेरदीबाय संपूर्ण होते. चित्रात मात्र त्यांची पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी कापली गेली.

"सूनबाई," ते सर्वांसमोर म्हणाले, "सत्तर वर्षं झाकलेलं डोकं तू एका फटक्यात उघडं केलंस की गं! टोपी गेली कुठे माझी?"

"टोपी फोटोच्या बाहेर राहिली, अक्साकाल."

"मग मीही बाहेरच बसलो असतो, मटण तरी गरम मिळालं असतं. त्या भोकातून नको बघत जाऊस. मागच्या काचेत बघ."

लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून बाई केवळ पडद्यात पाहू लागल्या. दूरचे दृश्य पाहताना माझी खिडकी किंचितही फसवीत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु मला वाचा नाही.

या लोकांची एक रीत मोठी गोड आहे. नवी सून, नवे बाळ किंवा नवी वस्तू प्रथम पाहणाऱ्याने काहीतरी भेट द्यायची. या पाहण्याच्या भेटीला ते कोरुमदुक म्हणतात. रिकाम्या हाताने पाहणे शोभत नाही आणि दिलेली भेट परतविणे हा तर अपमानच. माझ्या पडद्यावर चित्र उमटू लागले तेव्हा त्यांनी ही रीत मलाही लावली. कोणी वाळविलेल्या दह्याच्या गोळ्या देई, कोणी जर्दाळू, कोणी रुमाल. आणि ज्याने दिले त्याला चित्र दाखवावेच लागे. मला त्या सन्मानाचा आनंद होत असे. प्रत्येक रेघ उणी होताना मात्र माझे अंतःकरण कापत असे.

एके वर्षी मी दुरुस्तीसाठी दूर होतो. बाई एकट्याच वर गेल्या, पाणी चढलेले पाहून धावत परतल्या आणि त्यांनी तोंडी इशारा दिला. ऐन गवतकापणीच्या दिवसांत सारे गाव टेकडीवर जाऊन राहिले. नऊ दिवस पाऊस पडला, कापलेले गवत शेतात कुजले, आणि सरोवर आपोआप ओसरले. त्या हिवाळ्यात किती जनावरे उपाशी राहिली हे गाव विसरले नाही. बाईंना लोक तोंडावर काही बोलत नसत. पण त्या दिसल्या की गवताचा विषय निघे.

दोन वर्षांनी, जुलैच्या अखेरीस, पहाडात विलक्षण उष्मा झाला. ओढ्याचे पाणी चहासारखे गढूळ झाले आणि त्यातून बर्फाचे तुकडे येऊ लागले. बाई बेरदीबायांकडे गेल्या.

"अक्साकाल, बांध टिकेल असं मला वाटत नाही. माणसं हलवा."

"मागे पण तुला वाटलंच होतं," ते म्हणाले. "रागानं नाही म्हणत, सूनबाई. पण आता नुसतं सांगून कोणी उठायचं नाही. फोटो आण. खडक बुडालेले दाखव, मग बोलू."

गावात तेव्हा साठ घरे होती. त्या साठ घरांचे जगणे अशा रीतीने माझ्या पोटातील एका बॅटरीवर येऊन ठेपले. जोडीची दुसरी बॅटरी फुगून निकामी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बाई आणि त्यांचा धाकटा दीर ओमुर्झाक घोड्यांवरून निघाले. माझ्या तिन्ही रेघा भरलेल्या होत्या. वाटेत उन्हाळी कुरणावर कान्यिमबूबू नावाच्या वृद्धेचा नमद्याचा तंबू लागला. भाकरीचा तुकडा मोडल्यावाचून पुढे जाणे त्या मुलखात अशक्य. आणि तंबूत चाळीस दिवसांचे बाळ होते.

"कॅमेरा आणलाय ना? मग काढ की!" कान्यिमबूबू म्हणाली.

"आपा, वर काम आहे. येताना काढते."

"येताना उन्हं उतरतात. बाळ आत्ता जागं आहे. तू काय राजाकडे चाललीयेस?"

बाईंनी चित्र काढले. वृद्धेने दह्याच्या गोळ्या त्यांच्या ओंजळीत घातल्या आणि पडदा डोळ्यांजवळ धरला. मग सून आली, तिने जर्दाळू दिले. शेजारच्या तंबूंतील बायका आल्या, प्रत्येकीच्या मुठीत काहीतरी होते.

"अगं, बाळाचे डोळे मिटलेत! दुसरा काढ."

"वसंतातल्या लग्नाचे आहेत का यात? दाखव ना. माझी बहीण होती त्यात."

"मागे घे, मागे घे. ती जाडी कोण? अय्या, ही तर मीच!"

हास्याचा कल्लोळ उठला आणि माझी एक रेघ गेली. बाई सौजन्याने बटण दाबीत राहिल्या, पडदा तेवत राहिला. दुसरी रेघ गेली. ओमुर्झाक दारातून म्हणाला, "जेंगे, ऊन चढलं." भावजयीला ते जेंगे म्हणतात. बाईंनी त्याच्याकडे असहाय दृष्टीने पाहिले; त्यांच्या मांडीवर पाच जणींच्या भेटी होत्या आणि पाचवीने अजून काहीच पाहिले नव्हते. मित्रांनो, कोणाचेही मन दुष्ट नव्हते. प्रेमानेच माझा प्राण शोषला जात होता आणि मला किंचाळताही येत नव्हते.

दुपारी आम्ही सरोवरावर पोहोचलो. तेथे जे दिसले ते आठवले की आजही माझी भिंगे शहारतात. तळचा खडक नव्हता. मधला नव्हता. वरच्या खडकाच्या लाल पट्ट्याला करडे पाणी चाटत होते. बांधाच्या बाहेरच्या उतारातून, जेथे कोरडी माती असावयास हवी तेथे, पाण्याच्या बारीक धारा फुटलेल्या होत्या. हिमनदीवरून येणारा वारा सुरीसारखा होता. दूर कोठेतरी बर्फ तुटला आणि त्याचा आवाज पायांखालच्या दगडांतून आला.

बाईंनी मला सुरू केले. भिंग बाहेर आले, पडदा उजळला, लाल चिन्ह दोनदा लुकलुकले आणि मी विझलो. भिंग तसेच बाहेर राहिले, उघड्या तोंडाच्या प्रेतासारखे.

"थंडीनं मेला," ओमुर्झाक म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "जेंगे, चल खाली. तोंडानं सांगू. मी पण पाहिलंय ना!"

"तोंडानं मी मागे सांगितलं होतं."

"बांध फुटला तर सांगायला तोंडच राहायचं नाही!"

"तू घोडे घेऊन त्या उंचवट्यावर थांब. मी येते."

तो गेला नाही. बाईंनी बॅटरी काढली आणि अंगरख्याच्या आत, काखेत दाबून धरली. गारठलेल्या बॅटरीत थोडा जीव दडलेला असतो. ऊब मिळाली तर तो क्षणभर परत येतो. त्या खाली बसल्या. धारा मोठ्या होत होत्या. एक दगड बांधावरून सुटला आणि खाली जाताना त्याचा आवाज कितीतरी वेळ ऐकू येत राहिला.

"अंडं उबवतेस का?" ओमुर्झाक हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"हो. पिल्लू निघालं तर गाव वाचेल."

मग बाईंनी जे केले त्यासाठी मी त्यांना जन्मभर वंदन करीत आलो आहे. बॅटरी घालताच त्यांनी प्रथम पडदा बंद केला. फ्लॅश बंद केला. भिंगाला पुढे-मागे हलविले नाही. आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी माझ्या खिडकीला डोळा लावला. त्यांची पापणी थरथरत असलेली मला जाणवली. खडक दूर होता. खिडकी खरे तेच दाखवीत होती. बाईंनी श्वास रोखला आणि बटण दाबले.

चित्र घेणे एक आणि ते जपून ठेवणे दुसरे. माझी पापणी, म्हणजे शटर, मिटल्यावर ते चित्र आतल्या कार्डावर उतरवावे लागते. मधेच प्राण गेला तर चित्रही जाते. माझा लहान दिवा लुकलुकत होता आणि बळ ओसरत होते. दिवा विझला. चित्र उतरले म्हणून विझला की मी संपलो म्हणून, हे बाईंना कळले नाही. आणि मित्रांनो, मलाही कळले नाही.

कोणीही न पाहिलेले ते चित्र घेऊन आम्ही खाली धावलो. तंबू लागले तेव्हा बाईंनी घोडा थांबविला नाही, "वर चढा, मुलांना घेऊन वर चढा!" एवढेच त्या ओरडल्या. बॅटरी पुन्हा त्यांच्या काखेत होती. गावात पोहोचलो तो कळले की ओढ्याने पुलाजवळचा विजेचा खांब पाडला आहे. मला पुन्हा भरून घेण्याची वाट बंद झाली होती.

सूर्य अजून डोंगरावर होता. शाळेच्या अंगणात लोक जमले.

"हा एकदाच लागेल," बाई म्हणाल्या, "तोही लागला तर. कोण बघणार?"

"अक्साकाल बघतील," बऱ्याच जणांनी म्हटले.

बेरदीबाय पुढे आले. बाईंनी उबदार बॅटरी माझ्या पोटात सरकविली. मी सारे बळ एकवटले. पडदा उजळला, आणि त्यात चित्र होते. वृद्धाचे डोळे त्यावर खिळले.

"तळचा नाही," ते पुटपुटले. "मधला नाही. वरच्याच्या पट्ट्याला..."

पडदा काळा झाला. जेमतेम चार श्वासांचा तो अवधी होता.

"आम्ही पाहिलंच नाही!" मागून एक जण ओरडला. "आम्हालाही दाखवा. पुन्हा गवत कुजवायचंय का?"

बेरदीबाय वळले. "मागच्या वेळी या पोरीला सगळ्यात जास्त बोल मी लावले. माझी सात जनावरं मेली. तोच मी आता घर सोडून निघतोय. तुला बसायचं असेल तर बस, दार मात्र लोटून घे."

दिवेलागणीपूर्वी साठही घरे रिकामी झाली. म्हाताऱ्यांना घोड्यांवर बसविले, तान्ह्यांना पाठीशी बांधले, आणि सारे गाव टेकडी चढले. माथ्यावर पोहोचल्यावर प्रत्येक घरातील माणसे मोजण्यात आली.

पाणी उजाडताना आले. आधी वारा आला, मातीचा वास घेऊन; मग दगडांचा गडगडाट. खालच्या आळीतील वीस-बावीस घरे माझ्या बाईंच्या डोळ्यांसमोर मुळापासून उचलली गेली. एकही माणूस दगावला नाही. लोक रडतही नव्हते, इतके ते भ्यालेले होते. कोणीतरी हलकेच म्हणाले, "फोटो काढ गं. नंतर मुलांना सांगू, इथे घरं होती."

माझ्यात काहीच उरले नव्हते. बाईंनी तरीही मला डोळ्याला लावले. मग बेरदीबायांनी मला मागून घेतले आणि आपला डोळा त्या खिडकीवर टेकला.

"काही दिसतंय का, अक्साकाल?"

"दिसतंय," ते म्हणाले. "माझं दार उभं आहे. घर नाही. दार उभं आहे."

बराच वेळ ते पाहत राहिले. त्यातले काहीही माझ्यात उमटले नाही.

मित्रांनो, त्या सकाळचे चित्र कोठेही नाही, ही माझी उणीव मी आजही वाहतो आहे. बाई आता निवृत्त झाल्या. कोणीतरी विसरून ठेवलेली बॅटरी माझ्या पोटात फुगते आहे आणि माझे सांधे तिने ताणले आहेत. ती एखाद्या दिवशी फुटेल, या भयाने मी कपाटात जागा असतो. तुमच्या घरी माझे कोणी भाऊबंद पडून असतील तर त्यांच्या पोटातील बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा. आणि अवघड कामाला निघालेले कोणी तुमच्या दाराशी थांबले, तर त्याला भाकरी अवश्य द्या, पाणी द्या. पण तुझ्याजवळचे मला दाखव, असा आग्रह धरू नका. तुझ्याजवळ पुढच्या वाटेला पुरेल इतके आहे ना, एवढेच विचारा, आणि त्याला जाऊ द्या.