मुठीवरचं चंदन

कोयते विकणाऱ्या कंपनीच्या मुरलीनं अकरा घावांत वाळका वेळू तोडला, आणि मेला माझ्याकडे बघून हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता पाळी माझ्या थोरल्या भावाची, कल्याणराम अण्णाची. त्याच्या हातात त्यानंच घडवलेला अरुवाळ, टोकाशी वाकलेला आमच्याकडचा मोठा कोयता.

ओरत्तनाडूच्या ह्या नारळबागेत सगळ्या गड्यांना एकाच जातीचे कोयते द्यायचे होते. कमी घावांत तोडेल तो घेणार, असं बागेच्या मॅडमनी, हरिप्रियांनी, सांगितलेलं. हे काम गेलं तर अण्णा भट्टी बंद करून तंजावरात कुठल्या दुकानापुढे वॉचमन म्हणून बसणार होता. तीस वर्षं लोखंड ठोकलेला माणूस! मला विचारानंच रडू येत होतं.

तीन घाव खोल गेले. चौथ्याला अरुवाळ अण्णाच्या मुठीतून निसटला आणि मुरलीच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतला. असलं हत्यार माझ्या गड्यांच्या हातात देणार नाही, म्हणून मॅडम उठल्याच.

अण्णा नुसता तळहाताकडे बघत राहिला. त्यावर पिवळा बुळबुळीत राडा होता.

अय्यो, ते चंदन! काल आयुधपूजा झाली. गंध पात्यालाच लावायचं असतं, पण मी आजच्या धास्तीनं मुठीलाही जाड फासलं होतं. पहिल्या कामाआधी पूजेचं गंध पुसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. घामानं ते भिजलं आणि मूठ निसरडी झाली.

"मॅडम, चूक हत्याराची नाही," मी पुढे होऊन म्हटलं. "माझी आहे."

त्यांनी मूठ हुंगली, धुवायला लावली आणि नवा वेळू रोववला. पण अण्णानं अरुवाळ उचलला, मुरलीच्या पायाकडे पाहिलं आणि खाली ठेवला. त्याला जमेना. मी मारू का, असं मी विचारलं. कुणीही मारा, मी घाव मोजणार, असं त्या म्हणाल्या.

जन्मभर भाता ओढलेली बाई मी. पदर खोचला. कितवा घाव चाललाय तेही मला कळत नव्हतं. वेळू आडवा झाला तेव्हा मॅडमनी सात म्हटलं. मुरलीनं धार निरखून पाहिली, कुठे खाच नव्हती. मॅडमनी अण्णाचं नाव लिहून घेतलं.

निघताना मी अरुवाळ अण्णाला दिला. त्यानं पंच्यानं मूठ पुसली आणि तो परत माझ्याच हातात ठेवला.

"अखिला, उद्यापासून भाता मी ओढतो," तो म्हणाला. "तू हातोडा घे."